पडद्यावरची गर्दी आणि प्रेक्षकाचा पैसा

गाण्याच्या स्पर्धेचा कोणताही एक भाग घड्याळ समोर ठेवून पाहावा. मंचावर एक सूत्रसंचालक असतो, कधी दोन असतात. समोर दोन-तीन परीक्षक, त्यांच्या बाजूला ज्युरी, त्या आठवड्यात प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटाचे नायक-नायिका आणि मधूनमधून हसवायला येणारा एखादा विनोदवीर. जिच्यासाठी हा सगळा मांड मांडलेला असतो, ती मुलगी चार मिनिटे गाते. त्यानंतर तिच्या गाण्याबद्दल, घराबद्दल, आईच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल, आणि पुढे परीक्षकांच्या आपापसांतल्या थट्टेबद्दल बोलणे सुरू होते. तिचा निषाद कुठे घसरला, हे मात्र कोणी सांगत नाही.

केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार तासात १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात: १० मिनिटे व्यापारी जाहिराती आणि २ मिनिटे वाहिनीची स्वतःची जाहिरात. म्हणजे नियम काटेकोर पाळला, तरी तासाचा कार्यक्रम ४८ मिनिटांचा. त्यात चार मिनिटांची सहा गाणी धरली तर गाणे २४ मिनिटे आणि बोलणे २४ मिनिटे. हे बोलणे संगीत समजावून देणारे असेल तर तक्रारीला जागा नाही. पण ‘पुढे काय होणार’ हे ब्रेकपूर्वी सांगणे आणि ‘आत्तापर्यंत काय झाले’ हे ब्रेकनंतर सांगणे यातच त्याचा मोठा भाग खर्ची पडतो. पडद्यावर माणसे वाढली आणि आशय आटला, ही आजच्या दूरचित्रवाणीची खरी अवस्था आहे. एका कार्यक्रमाला किती सूत्रसंचालक हवेत, हा प्रश्न म्हणूनच वरवरचा नाही. पैसा आणि वेळ कशावर खर्च होतो, हे त्याच्या उत्तरातून कळते.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न उघडपणे विचारला जातो, कारण तिथे दूरचित्रवाणीसाठी घरटी परवाना शुल्क भरावे लागते. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड झाले. खिशातून पैसे देणारा माणूस हिशेब मागतो. जुलै २०१७ मध्ये बीबीसीला वर्षाला दीड लाख पौंडांहून अधिक मानधन घेणाऱ्यांची यादी प्रथमच जाहीर करावी लागली. यादीत सर्वांत वर होते ख्रिस इव्हान्स, २२ लाख पौंडांच्या पुढे. स्त्रियांमध्ये सर्वाधिक मानधन क्लॉडिया विंकलमन यांचे होते, तेही पाच लाखांच्या आत. त्या आकड्यांनी स्त्री-पुरुष वेतनातली दरी जगासमोर आणली. बीबीसीच्या चीनमधल्या संपादक कॅरी ग्रेसी यांनी याच मुद्द्यावर जानेवारी २०१८ मध्ये ते पद सोडले. हिशेब उघडा झाल्यावर काय काय बाहेर येते, याचा हा धडा होता.

सूत्रसंचालकांच्या संख्येचा धडाही बीबीसीनेच दिला. ‘टॉप गिअर’ हा मोटारींचा कार्यक्रम जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे या त्रिकुटावर उभा होता. २०१५ मध्ये ते त्रिकूट गेले. २०१६ साली त्यांच्या जागी ख्रिस इव्हान्स, मॅट लब्लांक, ख्रिस हॅरिस, रोरी रीड, जबीने श्मित्स आणि एडी जॉर्डन अशी सहा जणांची फौज आली. यातले अनेक जण मोटारींचे खरे जाणकार होते. श्मित्स तर नावाजलेल्या शर्यतपटू होत्या. पण सहा जणांत मिळून एक आवाज उभा राहिला नाही, आणि एकाच हंगामानंतर इव्हान्स बाहेर पडले. पुढच्या वर्षी कार्यक्रम प्रामुख्याने तिघांच्या हाती आला. पहिल्या तिघांनी वर्षानुवर्षे एकत्र काम करून एकमेकांचा स्वभाव ओळखला होता आणि तेच त्यांचे भांडवल होते. नावे गोळा करून ते तयार होत नाही.

आपल्याकडे सुरुवात याच्या अगदी उलट टोकावरून झाली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा माणसे थोडी होती आणि साधने त्याहून थोडी. तबस्सुम यांनी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ सुमारे दोन दशके एकटीने चालवला. प्रदीप भिडे यांनी वर्षानुवर्षे बातम्या वाचल्या, त्या शब्दाच्या वजनावर. चित्रपटात नाव होण्याआधी स्मिता पाटील याच केंद्रावर मराठी बातम्या देत असत. ‘आमची माती, आमची माणसं’मध्ये शेतकरी आणि शेतीतज्ज्ञ बोलत, निवेदक त्यांच्यामधला दुवा असे. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक-कलावंत केंद्रस्थानी असत.

या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. एकच निवेदक असणे ही त्या काळची चैन नव्हती, गरज होती. आणि एकट्या निवेदकाचे कित्येक कार्यक्रम निर्जीवही होत. पाहुण्याचे पुस्तक न वाचता आलेला मुलाखतकार, ‘आपला प्रवास कसा सुरू झाला’ हा ठरलेला पहिला प्रश्न, मागे तेच दोन सोफे आणि प्लॅस्टिकची फुले. माणसे कमी असली की आशय आपोआप वाढतो, असे मुळीच नाही. दूरदर्शनच्या चांगल्या कार्यक्रमांत तयारी दिसत असे. तीच त्यांची किंमत होती.

तयारी असेल तर दोन सूत्रसंचालकही शोभतात. दूरदर्शनवरचा ‘सुरभी’ हा कार्यक्रम त्याचे उत्तम उदाहरण. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे ही जोडी नव्वदच्या दशकात घराघरांत पोहोचली. दोघांच्या बोलण्यात सहजता होती, पण कार्यक्रमाचा कणा होता देशभर फिरून केलेल्या चित्रफिती. कुठली विणकामाची परंपरा, कुठले वाद्य, कुठले मंदिर, कुठला विस्मरणात गेलेला कारागीर. काक आणि शहाणे या सामग्रीकडे आपल्याला नेत आणि बाजूला होत. प्रेक्षक त्यांना पोत्यांनी पत्रे पाठवत, कारण दर आठवड्याला काहीतरी नवे हाती पडत असे. सूत्रसंचालक दोन आणि चित्रीकरणाला सारा देश, असा तो हिशेब होता. आज अनेक कार्यक्रमांत तो उलटा झाला आहे: सूत्रधार पाच आणि चित्रीकरण एका स्टुडिओत.

हे असे का झाले, याची कारणे वाहिन्यांच्या कारभारात सापडतात. पहिले कारण जाहिरात. कार्यक्रमाचा प्रोमो ओळखीच्या चेहऱ्यावर चालतो, त्यामुळे प्रत्येक वयोगटासाठी एक चेहरा घेतला जातो. दुसरे, चित्रपटांची प्रसिद्धी. पाहुणे कलाकार मानधनाऐवजी प्रसिद्धीच्या बदल्यात येतात आणि वाहिनीला फारसा खर्च न करता पंधरा मिनिटे मिळतात. तिसरे, प्रायोजक. त्यांचे नाव दर काही मिनिटांनी कोणीतरी घ्यावेच लागते. चौथे कारण संकलनाच्या टेबलावरचे. समोर जितके चेहरे जास्त, तितके रिॲक्शन शॉट जास्त. गाणे फिके झाले तरी डोळे पुसणारा परीक्षक, तोंडावर हात नेणारी पाहुणी, उभा राहून टाळ्या वाजवणारा सूत्रसंचालक असे तुकडे जोडून उत्कटता उभी करता येते. आणि शेवटचे कारण भीती. क्षणभर शांतता पसरली तर प्रेक्षक रिमोट उचलेल, या धास्तीपायी कोणी ना कोणी सतत बोलत राहते.

झी मराठीच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’चे २००८-०९ चे पर्व अनेकांना आजही आठवते. सूत्रसंचालनाला पल्लवी जोशी, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत ही नावे त्या पर्वाने महाराष्ट्राला दिली, आणि २०२१ मध्ये हेच पाच जण नव्या मुलांसमोर ज्युरी म्हणून बसले. त्या पहिल्या पर्वातही कौतुकाचा पूर होता, नाट्य होते. पण मुले गात होती आणि त्यांचे गाणे पुरेसे ऐकू येत होते. गाणाऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी राहिली, हा त्या कार्यक्रमाचा खरा नफा होता. गेल्या काही वर्षांतल्या स्पर्धांतले किती विजेते आपल्याला आठवतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

एकटा माणूस कार्यक्रम पेलू शकतो, हे अलीकडच्या काळातही पुन्हापुन्हा सिद्ध झाले आहे. २००४ साली सुरू झालेला ‘होम मिनिस्टर’ आदेश बांदेकर यांनी सुमारे दीड तप चालवला. खेळ साधेच होते, बक्षीस पैठणीचे. पण बांदेकर गावोगावच्या घरांत गेले आणि तिथल्या सुनेला, सासूला बोलते केले. गृहिणीचे मनमोकळे बोलणे हा त्या कार्यक्रमाचा आशय होता, आणि तो मिळवायला एक सूत्रसंचालक पुरला. ‘कौन बनेगा करोडपती’चा मूळ ब्रिटिश आराखडाही एकाच सूत्रसंचालकाचा. त्याच्या मराठी रूपात सचिन खेडेकर आणि नागराज मंजुळे यांनी आपापल्या पद्धतीने स्पर्धकाला वेळ दिला. तिथे पैसा प्रश्नांवर, त्यांच्या पडताळणीवर आणि स्पर्धकांच्या निवडीवर खर्च होतो. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर विक्रम गोखले यांची ‘दुसरी बाजू’ ही मुलाखतमालाही अशीच. पाहुण्याला विचार करायला उसंत देणे हे मुलाखतकाराचे कौशल्य असते, आणि दोन-तीन जण विचारायला बसले की ती उसंतच उरत नाही. एकाच्या प्रश्नाचे उत्तर येत असते तेव्हा दुसरा हातातल्या कार्डावरचा पुढचा प्रश्न वाचत असतो. उत्तरातून निघणारा खरा उपप्रश्न तिथल्या तिथे मरतो.

करमणुकीत हे नुकसान काही काळ सोसता येईल. बातम्यांत ते सोसता येणार नाही. रोज संध्याकाळी आठ चौकोनांत आठ माणसे आणि मध्ये एक-दोन निवेदक, अशी चर्चा भरवायला फारसा खर्च येत नाही. गडचिरोलीला किंवा नंदुरबारला वार्ताहर पाठवून, तिथे चार दिवस राहून बातमी करायला मात्र खर्च येतो. म्हणून चर्चा वाढल्या आणि वार्तांकन रोडावले. तालुक्याच्या ठिकाणचा स्ट्रिंजर बातमीगणिक तुटपुंज्या पैशांवर राबतो, आणि त्याने आणलेल्या दोन मिनिटांच्या दृश्यांवर स्टुडिओत तासभर वाद घातला जातो. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या २८८ जागांची मतमोजणी झाली. आकडे निवडणूक आयोगाकडून सर्वांना सारखेच मिळतात. वाहिनीने त्यात आपली भर घालायची तर एखाद्या मतदारसंघात असा निकाल का लागला, हे तिथल्या पिकाच्या भावासह, पाण्यासह आणि जातीच्या गणितासह सांगायला हवे. त्यासाठी तो मतदारसंघ पायाखालून घातलेला माणूस लागतो. स्टुडिओतल्या टेबलाभोवती खुर्च्या वाढवून तो मिळत नाही.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते: लोकांना हेच आवडते, टीआरपी पाहा. देशात पन्नास हजारांहून अधिक घरांत बसवलेल्या मापकांवरून हा आकडा काढला जातो. कोणती वाहिनी कोणी किती वेळ लावली, एवढेच तो सांगतो. पाहणाऱ्याला काय मिळाले, याची नोंद त्यात नसते. स्वयंपाक करताना चालू ठेवलेला टीव्ही आणि कान देऊन ऐकलेली मुलाखत या आकड्यात सारख्याच भरतात.

आपल्याकडे परवाना शुल्क कधीच बंद झाले, म्हणून टीव्ही फुकट आहे असा समज आहे. तो खरा नाही. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या, दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या रचनेत पहिल्या १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि त्यावर जीएसटी अशी नेटवर्क शुल्काची कमाल मर्यादा होती, सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्याखेरीज. नियम पुढे बदलत गेले, पण दरमहा पैसे देणे सुटले नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशवर महिन्याचे शुल्क नसले तरी साबणाच्या वडीपासून दुचाकीपर्यंत प्रत्येक वस्तूच्या किमतीत जाहिरातीचा खर्च आपणच भरतो. दूरदर्शनचा बराचसा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे करातून येतो. आणि यांवर चौथी किंमत वेळेची. दिवसभर राबून संध्याकाळी तासभर टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसाचा तो तास अनमोल असतो.

माणसे किती असावीत, याचा नियम करता येणार नाही. क्रिकेटच्या समालोचनात कधी तिघे असतात, कारण एक वर्णन करतो, दुसरा फलंदाजी जाणतो आणि तिसरा गोलंदाजी. बातम्यांत सांकेतिक भाषेचा दुभाषी हवाच. शेतीच्या फोन-इन कार्यक्रमात कीडरोगाचा आणि जमिनीचा असे दोन वेगळे तज्ज्ञ लागतात. प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेले ज्ञान असेल तर पडद्यावर सहा जणही चालतील. एखाद्याला काढून टाकल्यावर प्रेक्षकाचे काहीच हरवत नसेल, तर त्याच्यावर खर्च झालेला पैसा संशोधकाचा, वार्ताहराचा किंवा वादकाचा होता. आपल्या मातीत कीर्तनकार एकटा उभा राहून दोन-तीन तास सभा बांधून ठेवत आला आहे. साथीला झांज, मृदंग आणि मागे टाळकरी. पण त्याने अभंग पचवलेला असतो, दृष्टान्त घोटलेले असतात. ही मेहनत ओळखणारा श्रोता महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला आहे. त्याला गोंगाटच हवा असतो, असे मानणे हा त्याचा अपमान आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. वाहिन्यांनी कार्यक्रमाच्या खर्चातला ठरावीक वाटा संशोधन आणि बाह्यचित्रीकरणासाठी राखून ठेवावा आणि ते करणाऱ्यांची नावे वाचता येतील अशी दाखवावीत. पुरस्कार सोहळ्यांत लोकप्रिय सूत्रसंचालकाइतकाच मान उत्तम संशोधकाला मिळावा. करातून चालणाऱ्या सह्याद्री वाहिनीने यात पुढाकार घ्यावा, कारण टीआरपीच्या धाकापासून तीच सर्वांत दूर आहे आणि पन्नास वर्षांचा अनुभव तिच्या गाठीशी आहे. वृत्तपत्रांनी मालिका-कार्यक्रमांच्या प्रसिद्धीपत्रकांऐवजी त्यांची परखड समीक्षा छापावी. आणि आपण प्रेक्षकांनी पॅकेजचे पैसे भरताना एवढे तरी पाहावे की, आपण ज्या गाण्यासाठी, ज्या बातमीसाठी, ज्या माणसाच्या बोलण्यासाठी टीव्ही लावला होता, त्याच्या वाट्याला त्या तासातली किती मिनिटे आली. ती निम्मीही नसतील, तर ती वाहिनी पॅकेजमधून काढून टाकण्याचा हक्क आपल्याकडे आहे, आणि तो वापरायला हवा.