वंशावळीत नसलेले नाव

अद्भुतरम्य कादंबरीचा एक साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. पोरके, उपेक्षित मूल. त्याच्या ठायी दडलेले सामर्थ्य. एखादे गुप्त मंडळ. आणि शेवटी उलगडणारे रहस्य, की हे मूलच राजाचे खरे वारस आहे. इंग्रजी किशोरसाहित्यात हा वारस बहुधा गोरा असे. अलीकडे कृष्णवर्णीय लेखिकांनी त्या जागी आपल्या मुली आणल्या आहेत. टोमी अडेयेमी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’ (२०१८) मधील झेली हरपलेली जादू परत आणावयास निघते. परंतु नायिकेचा वर्ण बदलल्याने साचा बदलतो काय? ट्रेसी डिऑन यांच्या ‘लेजंडबॉर्न’ (२०२०) या कादंबरीत या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सापडते.

सोळा वर्षांची ब्री मॅथ्यूज आईच्या अपघाती मृत्यूनंतर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकावयास येते. तेथे राजा आर्थर व त्याच्या सरदारांच्या वंशजांचे गुप्त मंडळ आहे. आईच्या मृत्यूचे सत्य शोधण्यासाठी ती त्यात शिरते आणि अखेर कळते, की आर्थरचा वारसा तिच्याकडेच आला आहे. इथवर सारे जुनेच. पण राजाचे रक्त तिच्या घराण्यात आले कसे? ब्रीची पूर्वज व्हेरा ही गुलाम होती. गोऱ्या मालकाने तिच्यावर केलेल्या अत्याचारातून ही शाखा जन्मली. एरवी सुखान्त घडविणारे ‘राजरक्त’ येथे पापाची साक्ष देते. येथे साचा खरोखर मोडतो.

ख्रिस्ती वाचकाला या ठिकाणी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आठवावा. प्रभू येशूच्या वंशावळीत तामार, राहाब व रूथ यांची नावे आहेत; आणि ‘उरियाची पत्नी’ या उल्लेखात दाविदाचे पापही नोंदलेले आहे. शुभवर्तमानकाराने काही झाकले नाही. ख्रिस्तसभेलाही असेच सत्य पाहावे लागले. १८३८ मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम स्त्रीपुरुष व मुले विकली. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाऊन महाविद्यालयाच्या कर्जफेडीस गेला. त्याबद्दल जाहीर क्षमायाचना झाली ती २०१७ मध्ये.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नव्हे. कृष्णवर्णीय मुलीच्या योग्यतेला शेवटी राजाच्याच रक्ताचा दाखला का लागावा? व्हेरापासून आईकडून लेकीकडे आलेले सामर्थ्य ब्रीपाशी आहेच. ते पुरेसे मानण्याचे धैर्य लेखिकेने दाखविले असते तर बरे झाले असते. मृतात्म्यांना आवाहन करण्याचे प्रसंगही आपल्या श्रद्धेशी जुळणारे नाहीत. मृतांसाठी प्रार्थना करणे वेगळे, त्यांच्याकडे शक्ती मागणे वेगळे. हा भेद पालकांनी मुलांना समजावून द्यावा.

तथापि केवळ जादूच्या भयाने हे पुस्तक दूर सारू नये, असे आम्हांस वाटते. घराण्याचा अभिमान आपल्याही घरांतून कमी नाही. वंशवृक्ष दाखविताना त्यात कोणाचे नाव लिहिलेले नाही, हे विचारावयास ही कादंबरी आपल्या मुलींना शिकविते. जाणत्या वयाच्या मुलीने ती वाचावी आणि तिच्या आईनेही.