‘द जंगल’मधील नवागत

अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ (१९०६) या कादंबरीचे नाव बहुधा अमेरिकेतील मांसतपासणीच्या कायद्याबरोबरच घेतले जाते. तो कायदा त्याच वर्षी संमत झाला हे खरे. परंतु शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणारा लिथुएनियन मजूर त्या चर्चेत मागे पडला, आणि लेखकाची खंत नेमकी हीच होती. कादंबरीचा प्रारंभ विवाहसमारंभाने होतो. पाहुण्यांनी वधूवरांना यथाशक्ति आहेर करावा, ही मायदेशीची रीत. येथे तरुण मंडळी खाऊनपिऊन निघून जातात व खर्चाचा बोजा नवदांपत्यावर पडतो. परक्या भूमीत रूढी उरते, तिला सांभाळणारा गाव उरत नाही, हे या एका प्रसंगात जितके उमटले आहे तितके अखेरच्या समाजवादी व्याख्यानांत कोठेही नाही. तेथे युर्गिस केवळ श्रोता होऊन बसतो.

याहून गंभीर उणीव निराळीच आहे. संप फोडण्यासाठी दक्षिणेतून आणलेले कृष्णवर्णीय मजूरही नवागतच होते. त्यांच्याविषयी लिहिताना मात्र सिंक्लेअरची लेखणी उघड तिरस्काराने चालते. वस्तुतः त्याच संपात युर्गिसही संपकऱ्यांविरुद्ध कामावर जातो. त्याच्या अधःपाताची पायरीन् पायरी लेखक दाखवितो. त्यांचा मात्र एक बेफाम जमाव तेवढा दिसतो.