कळविण्यात येते की—

मराठी टीकाकारांची दृष्टी ज्याकडे क्वचितच वळली, असे एक विपुल वाङ्मय आपल्या भाषेत नित्य निर्माण होत असते. ते पुस्तकांच्या दुकानी मिळत नाही, त्याच्या आवृत्त्या निघत नाहीत, आणि त्याच्या कर्त्याचे नाव मुखपृष्ठावर तर नाहीच, पण आतही सापडत नाही. तथापि ज्या घराची पायरी कादंबरी वा काव्यसंग्रह वर्षानुवर्षे चढत नाही, त्या घरी ते आपण होऊन जाते; घरातील शिकलेले पोर ते मोठ्याने वाचते, वडील माणसे ते पुन्हा वाचावयास लावतात, आणि शेवटी ‘म्हणजे झाले काय?’ हा प्रश्न जसाच्या तसा उरतो. विद्यापीठे, परीक्षामंडळे आणि सरकारी कचेऱ्या यांजकडून नागरिकांच्या अर्जांस जी उत्तरे येतात, त्यांविषयी आम्ही बोलत आहोत. वाङ्मय म्हणून त्यांचे परीक्षण करणे कोणास थट्टा वाटेल; आमचा हेतू थट्टेचा नाही. ज्या गद्यावर एखाद्या मुलाचे वर्ष किंवा एखाद्या घराचे छप्पर अवलंबून असते, ते गद्य टीकेच्या कक्षेबाहेर का राहावे, हेच आम्हांस उमगत नाही.

हा विचार करताना आम्ही उचगाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. करवीर तालुक्यातील हे गाव कोल्हापुरास इतके लगटून आहे की शहर कोठे संपले हे नवख्यास कळू नये. शेजारी गांधीनगरची कापडाची पेठ, जवळून गेलेला पुणे–बंगळूर हमरस्ता, पलीकडे उजळाईवाडीचा विमानतळ, आणि कोस-दीड कोसावर शिवाजी विद्यापीठ. पण अंतर थोडे म्हणून दाद लवकर लागते असे नाही. कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली. तिच्या हद्दीत आसपासची गावे घ्यावीत की न घ्यावीत हा वाद दीर्घकाळ चालला, गावांनी विरोध केला, आणि २०१७ साली सरकारने ४२ गावांसाठी एक निराळे प्राधिकरण निर्माण केले, त्यांत उचगाव आले. ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद ही होतीच. म्हणजे बांधकामाचा कागद एका खिडकीवर, गटाराचा दुसरीवर आणि मुलीच्या गुणपत्रिकेचा तिसरीवर. अशा गावी उत्तरांचे वाङ्मय भरघोस पिकावे यात नवल नाही.

या वाङ्मयाचा एक नमुना घेऊ. तो कोणा एका कचेरीचा नव्हे, सर्वांचाच आहे. ‘आपला अर्ज या कार्यालयास प्राप्त झाला असून त्यावर नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येत आहे, याची नोंद घ्यावी.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. परंतु त्यात कार्यवाही करणारा कोण? नियम कोणता? उचित म्हणजे काय, आणि ते कधीपर्यंत? अर्ज कोणी घेतला हेही वाक्य सांगत नाही. तो ‘प्राप्त झाला’, जसा पाऊस पडतो किंवा अंधार होतो. सबंध वाक्यात खरोखर काही करावयाचे आहे असे माणूस एकच, आणि तो म्हणजे अर्जदार. त्याने नोंद घ्यावयाची आहे. कचेरीच्या वाट्याची सर्व क्रियापदे कर्त्यावाचून आहेत. विध्यर्थाचा भार तेवढा नागरिकाच्या शिरावर. या एका ओळीत जितके राज्यशास्त्र दडले आहे, तितके कित्येक ग्रंथांत आढळणार नाही.

कारभाराच्या मराठीविषयी वाद आपल्याकडे पूर्वी झालेच नाहीत असे नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, तेव्हापासून कारभाराला शब्द कोणते हवेत हा प्रश्न चालत आला आहे. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर सरकारने पदनाम कोश काढला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून संभावना केली, हे सर्वश्रुत आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस कायद्याची गादीही मिळाली. परंतु हे सारे भांडण शब्दांपुरते राहिले. ‘क्लार्क’ म्हणावे की ‘लिपिक’, यावर शाई सांडली. लिपिकाने लिहिलेल्या वाक्यात कर्ता असावा की नसावा, हे कोणी विचारले नाही. आमच्या मते खरा रोग वाक्यरचनेत आहे, शब्दसंग्रहात नव्हे. संस्कृत शब्द काढून फारशी घातले, किंवा दोन्ही काढून अगदी बोलीतले घातले, तरी ‘करण्यात येत आहे’ या शेपटीने अर्थ गिळावयाचा तो गिळलाच जाईल.

कारभाराची भाषा अशीच असावी लागते, असे म्हणणारांस आम्ही कोल्हापूरचेच उदाहरण देऊ. १९१९ साली शाहू महाराजांनी वैद्यक खात्यास हुकूम काढला. अस्पृश्य रोग्यांस इतरांच्या बरोबरीने व आपुलकीने वागवावे. ज्या नोकरास हे मान्य नसेल त्याने हुकूम पोचल्यापासून सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. त्यास पेन्शन मिळणार नाही, असा त्याचा आशय होता. वागावयाचे कोणी, कोणाशी, कसे, न वागल्यास काय आणि किती मुदतीत, हे सर्व त्यात आहे. १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातही पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड होता. संदिग्धतेस तेथेही जागा नव्हती. दरबारी हुकूम म्हणजे अधिकारवाणी, तिला स्पष्ट बोलणे परवडते, असा आक्षेप येईल. ठीक. मग दुसऱ्या बाजूचा कागद पाहा. जोतीराव फुल्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन हे तर अर्जदाराचे लेखन होते, आणि तेही इंग्रजीत. पण शिक्षणाचा पैसा रयतेच्या श्रमातून येतो व खर्च वरच्या वर्गांवर होतो, हा हिशेब त्यांनी कर दिलेल्या माणसाच्या हक्काने मागितला. मुंबई विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेस खाजगी अभ्यास करून बसण्याची जी सवड दिली, ती वरच्या पदव्यांनाही द्यावी, म्हणजे गरीब तरुणांस शिकता येईल, अशी मागणीही त्यांत आहे. विद्यापीठाकडून न्याय्य वागणूक मागणारा इतका नेमका मजकूर आम्हांस त्या काळातला दुसरा माहीत नाही.

आता विद्यापीठांकडे व परीक्षामंडळांकडे वळू, कारण उत्तर न देण्याची कला तेथे शास्त्रपदास पोचलेली होती. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत एक कलम होते: गुणांची बेरीज तपासून मिळेल, परंतु उत्तरपत्रिका पाहता येणार नाही. काही विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९८० साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८४ साली ते जिंकले. त्या निकालाची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. लाखो मुलांनी लाखो पत्रिका मागितल्या तर निकालास अंत उरणार नाही. परीक्षा कशा घ्याव्यात हे शिक्षणतज्ज्ञांनी ठरवावे, न्यायासनाने त्यांच्या धोरणात सहसा हात घालू नये, असा त्याचा रोख होता. अडचण एवढीच की व्यवस्थेची सोय आणि मुलाचा हक्क यांची तुलना करताना तराजू व्यवस्थेच्याच हाती राहिला. आपले आपण लिहिलेले पान आपणच पाहू नये, याचे कारण सतरा वर्षांच्या पोरास कसे समजवावे?

पुढे २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या चळवळीनंतर आपला कायदा त्याआधीच केला होता, हे येथे नमूद करणे इष्ट. ९ ऑगस्ट २०११ रोजी बंगालमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे व ती पाहण्याचा परीक्षार्थीस हक्क आहे. हा निकाल आम्हांस दोन गोष्टींकरिता मननीय वाटतो. पहिली ही की न्यायालयाने परीक्षकाचे नाव मात्र झाकून ठेवावयास सांगितले, कारण नाव कळल्यास त्याच्या जिवास धोका संभवतो. कर्त्यावाचूनच्या वाक्यांवर आम्ही इतका रोष धरला, तेव्हा येथेही नाव मागावे, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. गरीब प्राध्यापकाच्या दारी जमाव नेणे म्हणजे जबाबदारी नव्हे. पान पुढे ठेवले, त्यावरील गुण दिसले, आणि त्यांबद्दल उत्तर देण्यास मंडळ बांधले गेले, की माणसाचे नाव झाकले तरी चालते. झाकू नये ती उत्तरदायी संस्था. आणि आपल्या कचेरीच्या गद्यात नेमकी तीच झाकली जाते.

दुसरी गोष्ट कमी आनंदाची आहे. पत्रिका जपून ठेवण्याची मुदत नियमांनी ठरते, आणि ती मुदत संपली की हा हक्कही संपतो. आता वरील नमुन्याचे वाक्य पुन्हा आठवावे. ‘उचित कार्यवाही करण्यात येत आहे’ असे म्हणत महिना गेला, मग अर्ज ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ झाला, मग अपील. तोवर पत्रिका नियमानुसार रद्दीत. कोणी नकार दिला नाही, कोणी कायदा मोडला नाही, आणि हक्क मात्र मेला. ही वाक्ये निरुपद्रवी असतात असे ज्यांस वाटते, त्यांनी या मृत्यूचे कारण शोधावे.

विद्यापीठांच्या कायद्यात याहून एक मौजेची जागा आहे. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा; तसे न झाल्यास सविस्तर कारणांचा अहवाल द्यावा, असे १९९४ च्या कायद्यात होते व २०१६ च्या कायद्यातही आहे. कारणे लिहिलीच पाहिजेत, ही तरतूद उत्तम. पण ती कारणे कोणास द्यावयाची? कुलपतींस. म्हणजे कारण वर जाते. ज्याचे वर्ष टांगलेले आहे त्या मुलाकडे ते खाली येत नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला, सतरा लाखांवर पत्रिका अडकल्या, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. (‘करण्यात आले’ हा प्रयोग आमच्याही लेखणीतून उतरला, येथे कर्ता राज्यपाल, हे सांगून टाकतो.) एक मोठा माणूस गेला म्हणून वृत्तपत्रांस समाधान झाले. पुढील प्रवेश ज्यांचे हुकले, त्यांच्या दृष्टीने या समाधानाची किंमत काय, ते निराळे.

कायदे थोडे आहेत असे नव्हे. कोणत्याही अधिकाऱ्याने आपल्या मेजावर कागद कामाच्या सात दिवसांहून अधिक ठेवू नये, असे महाराष्ट्राच्या विलंब-प्रतिबंधक कायद्यात आहे. माहिती न दिल्यास दिवसाला २५० रुपये, २५,००० पर्यंत दंड. २०१५ च्या लोकसेवा हक्काच्या कायद्यात ५०० ते ५,००० रुपये. परंतु ज्या वाक्यात अधिकारीच नाही, त्यात दंड बसवावयाचा कोणावर? उचगावच्या गृहस्थास ग्रामपंचायत प्राधिकरणाकडे धाडते, प्राधिकरण जिल्हा परिषदेकडे, आणि परिषद ‘सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे कळविते, असा प्रसंग कल्पून पाहा. प्रत्येक मेजावरून कागद सात दिवसांच्या आतच हलला असेल!

अर्जदारांच्या गद्याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ ही सुरुवात आणि ‘उपकार होतील’ हा शेवट, यांच्यामध्ये जी मागणी असते ती पुष्कळदा हक्काची असते. पण कमरेत वाकून मागितल्यामुळे ती भिक्षेसारखी दिसते. दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत. ते एकाच अर्जात वीस वर्षांची दप्तरे मागतात आणि कारकुनास जेरीस आणतात. कचेऱ्यांनी आपला बहुतेक वेळ माहिती गोळा करण्यातच घालवावा ही स्थिती देशास नको, असा इशारा २०११ च्या निकालानेही दिला आहे. खिडकीमागील माणसाचीही एक बाजू आहे. चार जागांचे काम एकजण ओढतो, आणि स्पष्ट लिहिले तर उद्या तोच कागद आपल्या अंगावर येईल या धास्तीने तो जुना मसुदा पुढे ढकलतो. त्याची धास्ती खोटी नाही. वरिष्ठांनी सही केलेला स्पष्ट नमुना त्याच्या हाती दिल्यावाचून ती जाणार नाही.

तो नमुना कसा असावा, हे सांगण्यास आम्ही भाषातज्ज्ञ असण्याची गरज नाही. ‘आपला अर्ज परीक्षा विभागाने ४ तारखेस घेतला. आपली उत्तरपत्रिका आम्ही २० तारखेपर्यंत आपणांस दाखवू, व आपले काम होईपर्यंत ती नष्ट करणार नाही. न दाखविल्यास परीक्षा नियंत्रकांकडे अपील करावे. त्यांनी ३० दिवसांत उत्तर दिले पाहिजे.’ एवढा मजकूर पोस्टकार्डावर मावतो, आणि उचगावच्या घरी तो एकदाच वाचावा लागेल.