ओवीची तळटीप

प्रबंधाच्या शेवटी जोडलेली संदर्भसूची ही निरुपद्रवी बाब आहे, असा आपल्या विद्यापीठीय मंडळींचा समज आहे. स्वल्पविराम कुठे, प्रकाशनवर्ष कुठे, एवढ्यावर त्यांची चर्चा आटोपते. ज्ञान कोणाच्या नावावर चढवायचे, हा सूचीतला खरा प्रश्न मात्र कोणी उपस्थित करीत नाही.

भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यांतल्या जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी कार्यकर्त्या बायांच्या साथीने पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात आणि पुढे महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या प्रसिद्ध करीत आहे. गायिकेचे नाव, गाव, तालुका, जात, ध्वनिमुद्रणाची तारीख, सारे देऊन. म्हणजे संकलकांनी आपले काम चोख केले. पण तीच ओवी प्रबंधात शिरली की मजकुरात 'एक नवबौद्ध स्त्री म्हणते' आणि तळटीपेत 'राईरकर व पॉइतवाँ'. बाईची जात तेवढी उरते, नाव जाते!

यावर ठरलेले उत्तर असे की, ओवी कुणा एकीची नसते, ती लोकपरंपरा. ठीक. मग ऋग्वेदही पिढ्यान्‌पिढ्या पाठांतराने आलेला. त्याच्या अनुक्रमणीत सूक्तागणिक ऋषीचे नाव कसे जपले? मुखपरंपरा दोन्हीकडे, एकीकडे द्रष्टा, दुसरीकडे नुसती 'माहितीदार'.

म्हणून नोंद गायिकेच्या नावाने सुरू व्हावी, संकलक त्यानंतर. आडनाव आधी हा नियमही इथे अडवू नये. गावात ती ज्या नावाने ओळखली जाते, त्याच नावाखाली तिला सूचीत शोधता आले पाहिजे. मात्र सासरच्या छळाची ओवी असेल आणि नाव छापल्याने तिला घरात त्रास होणार असेल, तर तिला विचारा. नाव झाकायचे की नाही, हे तिने ठरवावे, मार्गदर्शकाने नव्हे.

आणि चुकते ते त्यांचेच असे नाही. बाबासाहेबांचे १९३६ सालचे जातिनिर्मूलनावरील भाषण आपलेच विद्यार्थी 'आंबेडकर, १९७९' असे नोंदवतात, कारण शासनाचा पहिला खंड त्या साली निघाला. महापरिनिर्वाण १९५६ चे! मूळ साल आधी लिहा, खंडाचे मागून.

स्थळाचेही तसेच. वेल्हे तालुका २०२५ साली राजगड झाला. ओवी त्याआधी ध्वनिमुद्रित झाली असेल तर नोंदीत वेल्हेच लिहावे, राजगड कंसात.