धीराचा हिशेब

वॉरन बफे हे नाव आता आपल्या मराठी घरांतही पोचले आहे. अमेरिकेतील ओमाहा शहराच्या या गुंतवणूकदाराने 1958 साली घेतलेले घर कधी बदलले नाही, चांगले शेअर घेतले आणि तो स्वस्थ बसून राहिला, म्हणून श्रीमंत झाला, अशी त्यांची कथा सांगितली जाते. बर्कशायर हॅथवे कंपनीच्या भागधारकांना त्यांनी दरवर्षी लिहिलेली पत्रे मुळातून वाचली, की ही कथा मला अपुरी वाटू लागते.

आपण आपल्या बहिणींशी बोलत आहोत असे समजून ही पत्रे लिहितो, असे बफे यांनी सांगितले आहे. बहिणी हुशार, पण हिशेबशास्त्रात पारंगत नव्हेत. त्यामुळे ताळेबंदाच्या रुक्ष मजकुराला घरगुती बोलण्याचा सूर लाभला आहे.

या पत्रांपैकी 1985 सालचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बर्कशायर ही मूळची कापडगिरणी. 1965 साली ती बफे यांच्या ताब्यात आली आणि वीस वर्षे सांभाळून 1985 मध्ये बंद करावी लागली. 1981 साली सुमारे 5,000 डॉलरला एक याप्रमाणे घेतलेल्या मागांना 50 डॉलरलाही गिऱ्हाईक मिळेना. शेवटी ते 26 डॉलरला एक असे भंगारात गेले. शहापूर-वडगावच्या वाचकाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगायला नको. ते आकडे लेखकाने स्वतःहून मांडले, हे मला या पत्राचे मोठेपण वाटते.

धीर तर गिरणीतही होता, पण तो फळला नाही. 1972 साली अडीच कोटी डॉलरला घेतलेली सीज ही मिठाईची कंपनी मात्र वर्षानुवर्षे नफा देत राहिली. म्हणजे किती थांबावे यापेक्षा कशापाशी थांबावे, हा प्रश्न आधीचा आहे.

दुसरी गोष्टही लोक विसरतात. 1967 पासून बफे यांच्या हाती विमा कंपन्या होत्या. विम्याचा हप्ता आधी येतो, भरपाई पुढे द्यावी लागते. मधल्या काळात तो पैसा गुंतवता येतो. बफे यांनी हे कधी लपवले नाही. पत्रांतून वारंवार समजावून सांगितले. त्यांचे गोडवे गाणारे मात्र एवढाच भाग वगळतात. आपल्या घरांत धीर कमी नसतो. पण मुलीचे लग्न किंवा आजारपण निघाले, की भिशी उचलावी लागते, मुदतीआधी ठेव मोडावी लागते. अशा माणसाला ‘थांबा’ एवढाच उपदेश करणे अन्यायाचे आहे.

मग या पत्रांतून घ्यावे काय? माझ्या मते, फसलेला व्यवहारही आकड्यांसह घरच्या माणसांपुढे मांडण्याची सवय. त्यासाठी भांडवल लागत नाही.