घरातील मुके सोयरे : तीन ग्रंथांच्या निमित्ताने

आमच्या वाङ्मयसमीक्षेत एक जुना समज घर करून बसला आहे. दुःख तेवढे गंभीर आणि सुख तेवढे उथळ, असा तो समज होय. एखाद्या ग्रंथात मृत्यू, विरह किंवा दारिद्र्य असले की टीकाकार सावरून बसतो. आणि त्याच ग्रंथात गाय व्यायल्याचा आनंद, मांजरीने पिले कपाटात नेऊन ठेवल्याची गंमत किंवा दिवसभराच्या कामानंतर अवचित आलेल्या पाहुण्याचे कौतुक आले, की तो ती पाने झरझर उलटतो. गृहजीवन हे जणू वाङ्मयाच्या ओसरीवर बसवण्याजोगे. माजघरात त्याला मज्जाव! हा समज कितपत खरा आहे, याचा विचार चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन वनजिल्ह्यांतून आलेल्या तीन ग्रंथांच्या आधारे करावा, असे आम्ही योजिले आहे. श्रीमती साधना आमटे यांचे ‘समिधा’, श्री. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘रानमित्र’ हे ते तीन ग्रंथ होत.

आम्ही हे चिमूरकडील वाचक म्हणून लिहीत आहोत, आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्रात चिमूर हे नाव एका तारखेने ओळखले जाते : १६ ऑगस्ट १९४२. त्या दिवशी येथे जे घडले, जो गोळीबार झाला, जे अधिकारी मारले गेले आणि मागाहून लष्कराने गावात शिरून जो अत्याचार केला, त्याची हकीकत इतिहासग्रंथांत नमूद आहे. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले, हेही सर्वश्रुत आहे. परंतु तो दिवस नागपंचमीचा होता, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते. भिंतीवर नाग काढावा, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवावा, त्या दिवशी चिरू नये, तळू नये, जमीन खणू नये, असा तो घरगुती सण. ज्या घरांतून हा सण चालला होता, त्याच घरांवर पुढच्या काही दिवसांत आकाश कोसळले. घर मोडते तेव्हा इतिहास त्याच्याकडे पाहतो. ते उभे असते तेव्हा त्यात काय चालले होते, हे विचारावयास त्याला सवड नसते. ही सवड वाङ्मयाने काढावयाची असते. मोडण्यापूर्वी घर कसे होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला काय मोडले हे तरी कसे कळावे?

मराठी गद्याला हा विषय परका आहे, असेही नाही. विदर्भात रचल्या गेलेल्या लीळाचरित्रात पारध्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरांच्या गुडघ्याआड येऊन निवाऱ्यास बसतो, ती लीळा प्रसिद्धच आहे. म्हणजे तेराव्या शतकातील आमच्या आद्य गद्यग्रंथातच भ्यालेल्या मुक्या जिवाला जागा मिळालेली आहे. पुढे १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी तर घरातला गोंधळ, विसराळूपणा, भांडण आणि हसू यांतून केवढा मोठा ग्रंथ उभा राहू शकतो, हे कायमचे सिद्ध करून ठेवले. असे असूनही गृहजीवनाचे लेखन म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, ही भावना गेलेली नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्राण्यांविषयी उत्तम लेखन मराठीत थोडे नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या वानरांच्या कथेस १९८३ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. २०२५ साली दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर वनखात्यात राहून आमच्या पूर्व विदर्भातील रानांना शब्द दिले. परंतु हे दोघेही लेखक रानात जातात, दबा धरून पाहतात आणि परत येऊन आपणांस सांगतात. प्रस्तुत तीन ग्रंथांत रानच घरात येते. रानात पाहणाऱ्याला संध्याकाळी परत फिरता येते. ज्याच्या अंगणातच बिबळ्या बांधला आहे त्याला परत फिरायचे तरी कोठे? म्हणून या लेखनाचा कस निराळा आणि त्याच्या कसोट्याही निराळ्या.

‘समिधा’पासून आरंभ करू. १९५१ साली बाबा आणि साधनाताई वरोऱ्याजवळच्या माळावर राहावयास गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर सहा कुष्ठरुग्ण, दोन लहान मुले, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये होते, ही हकीकत आता दंतकथेसारखी सर्वत्र सांगितली जाते. पण तिच्यातील मर्माकडे फारसे कोणी पाहत नाही. या यादीत माणसे, जनावरे आणि पैसे एकाच ओळीत बसले आहेत. संसार मांडणाऱ्या स्त्रीची मोजदाद अशीच असते. तिच्या दृष्टीने गाय ही करुणेचा विषय नसून घरातील एक कमावते माणूस आहे, आणि कुत्रा हा रात्रीचा राखणदार आहे. आनंदवनाची कथा इतरांनी सांगितली ती एका महापुरुषाच्या पराक्रमाची म्हणून. साधनाताई सांगतात ती चुलीच्या बाजूने. लग्नघरातील गडबड सोडून म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुऊ लागणारी मुलगी बाबांच्या नजरेत भरली, ही त्यांच्या विवाहाची पूर्वकथा. आणि त्यांच्या ग्रंथाचा स्वभावही तोच आहे. समारंभ बाजूला ठेवून ही लेखिका कामाकडे वळते.

या जीवनातील आनंदाचे प्रसंग किती लहान आणि किती मोलाचे होते, त्याचे एकच उदाहरण पुरे. आनंदवनात पिकलेली भाजी रोगाच्या भीतीने वरोऱ्यातील लोक घेत नसत. १९५४ साली परदेशी स्वयंसेवकांची एक तुकडी तेथे येऊन राहिली, रुग्णांबरोबर राबली आणि जेवली. त्यानंतर गावाची भीड हळूहळू मोडली व भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले. बाजारात भाजी विकली गेली, एवढीच ती गोष्ट! एरवी तिची कोण दखल घेतो? पण त्या घरी त्या संध्याकाळी जो आनंद झाला असेल, तो कोणत्याही मानपत्राने झाला नसता. सुख लहान असते म्हणून ते उथळ नसते. त्याच्याखाली किती खोल विहीर खणलेली आहे, हे पाहावे लागते.

आता हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. गडचिरोली हा जिल्हा १९८२ साली निराळा झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांना पावसाळ्यात पूर आला की तेथील जगाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. वीज नव्हती, आणि रोगी प्रथम दवाखान्याकडे फिरकतही नसत. अशा ठिकाणी डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी संसार मांडला, आणि त्या संसारात माकडापासून बिबळ्यापर्यंत जो गोतावळा जमला, त्याची कथा ‘नेगल’ आणि ‘रानमित्र’ या ग्रंथांत आली आहे.

या गोतावळ्याचा आरंभ कसा झाला, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. माडिया शिकारी मारलेली माकडीण घेऊन चालले होते, आणि तिचे जिवंत पिल्लू मेलेल्या आईला बिलगून होते. डॉक्टरांनी ते पिल्लू मागितले आणि त्याच्या बदल्यात तांदूळ दिले. या प्रसंगावर हळवेपणाने अश्रू ढाळणे अगदी सोपे आहे, आणि कमी प्रतीच्या लेखकाने तेच केले असते. परंतु या प्रसंगाला दोन बाजू आहेत. एका घरात जे लाडके पिल्लू झाले, ते दुसऱ्या घरातले रात्रीचे जेवण होते. शिकारी क्रूर नव्हता, भुकेला होता. आणि म्हणूनच पिल्लाची किंमत दयेत ठरली नाही, तांदळात ठरली. हेमलकशाच्या या लेखनाचे मोठेपण आम्हांला येथे दिसते, की ते हा तांदूळ विसरत नाही. आधी माणसाचे पोट भरले पाहिजे, मग त्याला प्राण्यावर प्रेम कर म्हणून सांगता येते. दवाखाना, शाळा आणि प्राण्यांचे अंगण ही तिन्ही एकाच वाड्यात का आहेत, याचे उत्तर त्यात आहे.

‘नेगल’चा विशेष निराळा आहे. नेगल हे बिबळ्याचे नाव. बालमासिकांतून आपण जे बोलके वाघ आणि शहाणे कोल्हे वाचले, त्यांच्या तोंडी लेखकाचीच वाक्ये असतात. कातडे तेवढे वाघाचे. श्री. मनोहर हा मोह टाळतात. त्यांचा बिबळ्या माणसाळतो, पण माणूस होत नाही. त्याच्या जवळ बसताना वाटणारा जिव्हाळा आणि पाठीच्या कण्यातून जाणारी किंचित शिरशिरी, ही दोन्ही त्यांच्या लेखनात शेजारी शेजारी नांदतात. प्रेम आणि सावधपणा यांचा हा जोडसंसार मराठीत नवा आहे. विनोदाचा त्यांचा हात हलका आहे. मात्र एका प्राण्याची गंमत दुसऱ्या प्राण्याच्या गमतीवर रचत जाण्याच्या ओघात काही ठिकाणी प्रकरणे सैल होतात, हेही नमूद केले पाहिजे. डॉ. आमटे यांच्या ‘रानमित्रा’त हा दोष नाही, तेथे उलट उणीव आहे. डॉक्टर रोग्याची टिपणे लिहावीत तसे अलंकाराविना सांगत जातात. ही सचोटी मनात भरते. पण जेथे क्षणभर थांबून पाहावे असे वाटते, तेथेही ते पुढच्या कामाला निघून जातात. कामाच्या माणसाच्या ग्रंथात हे असणारच.

कामाचा उल्लेख आला, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पाळीव प्राण्यांवरील पुष्कळसे लेखन लाडाचे असते, कष्टाचे नसते. प्राणी खेळतो ते दिसते; त्याची जागा कोण झाडते, त्याच्यासाठी रोज इतके अन्न कोण आणते, घरच्या बाईला त्यापायी किती वेळा हात धुवावे लागतात, हे दिसत नाही. प्रस्तुत ग्रंथांत हे कष्ट आहेत. तथापि ‘नेगल’ व ‘रानमित्र’ यांतील पुरुष निवेदकांना जे जाताजाता आठवते, ते ‘समिधे’त केंद्रस्थानी आहे. म्हणून हे तीन ग्रंथ एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची शिफारस आहे. एकटा कोणताही पुरा नाही. तिन्ही मिळून एक घर उभे राहते.

या सर्वांवर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच तालुक्यातून येईल. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाची कोलारा आणि नवेगाव ही प्रवेशद्वारे चिमूर तालुक्यात आहेत. शहरातील पाहुणा ज्या वाघाच्या दर्शनासाठी पैसे मोजतो, तोच वाघ आमच्या शेजाऱ्याची गाय नेतो, आणि मोह-तेंदूच्या हंगामात कधी माणूसही नेतो. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. त्या घरांतील मंडळींनी प्राण्यांच्या मैत्रीची पुस्तके कोणत्या तोंडाने वाचावीत?

हा आक्षेप लहान नाही, आणि गोड शब्दांनी तो टळणार नाही. आमचे उत्तर एवढेच, की ज्या पुस्तकात वाघ केवळ सुंदर आहे, ते पुस्तक त्या घरांचा अपमान करते. आणि ज्या पुस्तकात तो केवळ वैरी आहे, ते पुस्तक रानाचा. ‘नेगल’ हे पुस्तक त्या घरी नेऊन वाचण्याइतके प्रामाणिक आहे, असे आम्हांला वाटते, कारण त्यातील बिबळ्याचे दात लेखकाने कोठेही झाकलेले नाहीत. तथापि त्या घरांची स्वतःची कथा या तीनही ग्रंथांत नाही, आणि ती त्यांत असावी अशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. ती त्या घरांतूनच यावयास हवी.

आमची खरी तक्रार ग्रंथकारांविषयी नसून आमच्या सुशिक्षित मंडळींविषयी आहे. झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकांना हजारोंची गर्दी लोटते. लिहिणारे हात येथे नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. पण संध्याकाळी ढोरकी गुरे घेऊन परततो आणि गाय आपले दार बरोबर ओळखून थांबते. पोळ्याला बैलाची खांदेमळणी होते, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडाचे बैल सजवून घरोघर नेतात. चैत्रात पहाटे टोपली घेऊन मोहफुले वेचावयास गेलेली बाई सोबत कुत्रा का नेते. हे सारे लिहावयास कोणी बसत नाही. यात काय लिहावयाचे, असे त्यांना वाटते. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या समजाचे हेच फळ होय. आनंदवन आणि हेमलकसा येथील घरे असामान्य होती, म्हणून त्यांची पुस्तके झाली, असे कोणी म्हणेल. आम्ही उलट म्हणतो : त्या पुस्तकांतील जी पाने आम्हांस पुन्हा वाचाविशी वाटतात, ती असामान्यत्वाची नाहीत. लंगडी गाय, विकली गेलेली भाजी, तांदूळ देऊन आणलेले पिल्लू, ही ती पाने. अशी पाने प्रत्येक घरात आहेत. शाळेतून निवृत्त झालेल्या एखाद्या गुरुजींनी किंवा नातवंडांत रमलेल्या एखाद्या आजीबाईंनी ती लिहून काढली, तर चिमूरची ओळख एका तारखेपुरती राहणार नाही. आणि त्या तारखेला त्या घरांनी काय गमावले, तेही पुढच्या पिढीला अधिक नीट कळेल.