बुल्वर-लिटन : कादंबरीतली गूढविद्या आणि तिला खरे मानणारे वाचक

‘व्रिल’ हा शब्द तुमच्यापैकी काहींनी एखाद्या व्हिडिओत ऐकला असेल. भूगर्भात राहणारी प्रगत जमात, तिच्याकडची अफाट ऊर्जा आणि त्या ऊर्जेच्या मागे लागलेली नाझींची गुप्त संघटना, अशी ती गोष्ट असते. अशा संघटनेचा विश्वासार्ह पुरावा नाही. १९६० साली फ्रेंचमध्ये निघालेल्या एका लोकप्रिय पुस्तकाने ही कल्पना सर्वदूर नेली. मूळ शब्द मात्र एका कादंबरीतला आहे. ‘द कमिंग रेस’ ही ती कादंबरी १८७१ मध्ये निनावी प्रसिद्ध झाली. तिचा लेखक एडवर्ड बुल्वर-लिटन (१८०३-१८७३). त्याचे चरित्र वाचताना एक प्रश्न सतत समोर ठेवा: याला सिद्धपुरुष कोणी केले, त्याने स्वतः की त्याच्या वाचकांनी?

वडील लष्करात जनरल होते. ते वारले तेव्हा हा चार वर्षांचा होता. आई नेबवर्थच्या लिटन घराण्यातली, श्रीमंत आणि करारी. १८२७ मध्ये त्याने आईच्या मर्जीविरुद्ध रोझिना व्हीलरशी लग्न केले आणि आईने पैसे बंद केले. मग लेखणीवर घर चालवणे आले. ‘पेलहॅम’, ‘पॉल क्लिफर्ड’, ‘द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई’ या कादंबऱ्या एकामागून एक आल्या आणि खपल्या. डिकन्सने ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट बदलला तोही याच्याच सल्ल्याने. त्याच्या वाक्यांचा पसारा आज सोसत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ.

लग्न टिकले नाही. १८३६ मध्ये दोघे कायदेशीररीत्या विभक्त झाले, पुढे मुलेही रोझिनापासून दूर करण्यात आली. १८३९ मध्ये तिने नवऱ्याचे वाभाडे काढणारी कादंबरी लिहिली. जून १८५८ मध्ये बुल्वर-लिटन नुकताच वसाहत मंत्री झाला होता आणि हर्टफर्डला फेरनिवडणुकीस उभा होता. तिथे भर सभेत रोझिना उभी राहिली आणि तिने सगळ्यांसमोर त्याची लाज काढली. काही दिवसांतच डॉक्टरांच्या दाखल्यावर तिची रवानगी वेड्यांसाठीच्या एका खासगी घरात झाली. वर्तमानपत्रांत ओरड झाली, सुमारे तीन आठवड्यांनी तिला सोडावे लागले. गूढविद्येवरच्या लोकप्रिय पुस्तकांत हा प्रसंग एखाद्या ओळीत उरकलेला दिसतो. माझ्या मते चरित्राचा गाभा इथे आहे. एका माणसाला दुसऱ्याच्या आयुष्यावर सत्ता गाजवायला मंत्रतंत्र लागत नव्हते. कायदा, पद आणि दोन सह्या पुरेशा होत्या.

आता गूढविद्या. त्याला तिची आवड होती, यात शंका नाही. जुने ग्रंथ त्याने बारकाईने वाचले होते. प्रेतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांना तो जाई, डॅनियल होम या गाजलेल्या माध्यमाला त्याने नेबवर्थला बोलावले, १८६० मध्ये डिझरायलीचे भविष्य रमलाच्या पद्धतीने मांडून पाहिले. पण कुतूहल असणे वेगळे आणि दीक्षा घेतलेली असणे वेगळे. इंग्लंडमधल्या एका रोझिक्रुशियन मंडळाने त्याला परस्पर आपला ‘महाआश्रयदाता’ जाहीर केले, तेव्हा आपण याला कधीच संमती दिली नव्हती, असे त्याने त्यांना लेखी कळवले. दंतकथेने मात्र हे पत्र बाजूला ठेवले.

या दंतकथेचे मूळ ‘झनोनी’ (१८४२) या कादंबरीत सापडते. सुरुवातीलाच निवेदक सांगतो की हे हस्तलिखित आपल्याला एका वृद्धाकडून मिळाले आणि ते सांकेतिक लिपीत होते. ही कादंबरीकाराची जुनी युक्ती आहे, पण अनेकांनी ती कबुलीजबाब म्हणून वाचली. प्रत्यक्ष कथानक काय सांगते? झनोनी हजारो वर्षे जगलेला सिद्ध. नेपल्समधल्या व्हायोला या गायिकेवर त्याचे प्रेम बसते, तसतशी त्याची शक्ती ओसरू लागते आणि शेवटी फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमाळीत तो तिच्यासाठी मरण पत्करतो. दुसरीकडे ग्लिंडन हा उतावळा शिष्य. गुरू नसताना तो निषिद्ध कुपी उघडतो आणि उंबरठ्यावरच्या भयाण आकृतीला गाठ पडतो. सिद्धीची भूक लागलेल्यांना हे पुस्तक इतके का आवडले, याचे मला नवल वाटते. अमरत्वापेक्षा मरण मोठे, असेच ते सांगत असते.

‘द कमिंग रेस’ आम्हा अभियंत्यांना जरा बोचते, कारण त्यातला अभियंता खाणीत उतरताना सुरुवातीलाच पडून मरतो. पुढे निवेदकाला भेटते ती व्रिल-या जमात. व्रिल म्हणजे निसर्गातल्या सर्व शक्तींचे एकच मूळ. इथे बुल्वर-लिटन फॅरेडेचे नाव घेतो. वीज, चुंबकत्व, उष्णता यांची एकमेकांत रूपांतरे होतात, हे त्या काळातले ताजे विज्ञान होते. पण ही ऊर्जा कुठून येते, रूपांतरात वाया किती जाते, हे कादंबरी विचारत नाही. ‘फुकट ऊर्जा’ विकणारेही नेमके हेच दोन प्रश्न टाळतात. कादंबरीला ते माफ आहे, कारण तिचा रोख समाजावर आहे. एक मूलही शहर बेचिराख करू शकते, म्हणून तिथे युद्धे थांबली आहेत. तिथल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा बलवान आहेत, मागणीही त्याच घालतात आणि निवेदक त्यांना घाबरून असतो. हर्टफर्डची सभा आठवून ही पाने वाचा.

वाचकांनी मात्र व्रिल उचलला. एका गोमांस-अर्काच्या व्यापाऱ्याने तो ‘बोव्हरिल’ या नावात घातला, तर मादाम ब्लाव्हाट्स्कींनी ‘आयसिस अनव्हेल्ड’मध्ये (१८७७) बुल्वर-लिटनला जाणत्यांत जमा केले. त्या १८७९ मध्ये मुंबईत उतरल्या, तेव्हा भारताचा व्हाइसरॉय होता बुल्वर-लिटनचाच मुलगा, रॉबर्ट. लेखणी आणि तलवार यांच्या तुलनेची प्रसिद्ध इंग्रजी म्हण बापाच्या ‘रिशेल्यू’ नाटकातली. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा मुलाच्या कारकिर्दीतला. रॉबर्टची एक मुलगी एमिली, म्हणजे नवी दिल्ली घडवणाऱ्या लट्यन्स यांची पत्नी, पुढे थिऑसफीत शिरली आणि कृष्णमूर्तींच्या निकटवर्तीयांपैकी एक झाली. दुसरी मुलगी कॉन्स्टन्स स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात गेली. घराण्याच्या नावामुळे आपल्याला सवलत मिळते, हे ध्यानात आल्यावर १९१० मध्ये ती शिवणकाम करणाऱ्या बाईच्या वेशात, खोट्या नावाने पुन्हा तुरुंगात गेली. तिथे तिला जबरदस्तीने अन्न भरवण्यात आले.

दोन्ही कादंबऱ्यांचे स्वामित्वहक्क संपले आहेत. वेळ थोडा असेल तर ‘द कमिंग रेस’ आधी घ्या, ती छोटी आहे. ‘झनोनी’च्या पहिल्या पन्नास पानांत कंटाळा येईल, तो सोसा. आणि रोझिनाचे ‘अ ब्लायटेड लाइफ’ मिळाले तर तेही शेजारी ठेवा.